'वाइड-अवेकनेस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : बी.एड.च्या वर्गासाठी अमेरिकन शिक्षणतत्त्वज्ञ मॅक्सीन ग्रीन (१९१७–२०१४) यांच्यावर टिपण करतेय. त्यांच्या 'वाइड-अवेकनेस'साठी तूर्तास 'जागरूकता' लिहिलंय, पण वाचताना मतदार जागृतीची पत्रकं डोळ्यांसमोर येतात.

उत्तर १ : येणारच. जागरूक माणूस कशाबद्दल तरी जागरूक असतो: हक्क, डेंग्यू, ओटीपी. ग्रीनबाईंचा रोख एका विषयापुरता नाही. शब्द त्यांनी तत्त्वज्ञ आल्फ्रेड शुट्झकडून घेतला. जगण्याकडे पुरतं लक्ष असणं, असा त्याचा अर्थ. 'सजगता' चाललं असतं, पण तो आता ध्यानशिबिरवाल्यांनी पळवलाय. तिथे डोळे मिटून श्वासाकडे बघायचं. इथे डोळे उघडून बाहेर बघायचं, आणि जे खटकतं त्याबद्दल काही करायचंही. फ्रेंच लेखक कामूचा एक उतारा त्या देतात: उठा, ट्राम, कचेरी, जेवण, झोप, सोमवार, मंगळवार, तीच लय... आणि एके दिवशी मनात 'का?' येतं. मी सरळ 'जागेपण' लिहीन.

उत्तर २ : जागेपण पटलं. पण ताई, कलेचा धागा सुटू देऊ नका. कलानुभवाच्या विरुद्ध टोकाला त्या बधिरपणा ठेवतात. इंग्रजीत 'एस्थेटिक' आणि 'अ‍ॅनेस्थेटिक' या दोन्ही शब्दांचं मूळ एकच, म्हणून तिथे श्लेष जमतो. आपल्याकडे ऑपरेशनआधी देतात ती 'भूल' हाताशी आहे. पंचाईत एवढीच, की मराठीत सौंदर्याचीही भूल पडते! बाईंचं म्हणणं नेमकं उलट: कलेने भूल उतरावी.

उत्तर १ : वा, हे टिपणात घ्याच. आणि त्यांच्या 'एस्थेटिक एज्युकेशन'ला, म्हणजे कला अनुभवायला शिकवण्याला, 'रसग्रहण' मात्र म्हणू नका. दहावीत रसग्रहणाचे मुद्दे पाठ असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. कविता वाचली नाही तरी चार ओळी लिहिता येतात. ग्रीनबाई १९६५ पासून कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवत होत्या आणि न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलाच्या शिक्षणसंस्थेत वर्षानुवर्षं उन्हाळी वर्गांत शिक्षकांपुढे बोलत. तिथली रीत अशी, की नृत्य बघायच्या आधी शिक्षकांनी स्वतः अंग हलवून बघायचं. वजन कुठे पडतं, तोल कुठे जातो, हे एकदा स्वतःच्या गुडघ्यांना कळलं की मंचावरचं वेगळं दिसतं. मुद्दे नंतर.

प्रश्नकर्ती : मग 'आस्वाद'? चित्रपट रसास्वाद शिबिरामुळे 'रसास्वाद'ही रुळलेला आहे.

उत्तर २ : 'आस्वाद' जवळचा, पण त्यात जरा आरामखुर्ची आहे. चाखलं, मान डोलावली, झालं. त्यांना बघणाऱ्याकडून कष्ट हवे होते. 'कलानुभव-शिक्षण' बघा, जड आहे पण खोटं नाही.

उत्तर १ : माझं मतही त्यालाच. 'सौंदर्यशिक्षण' तेवढं नको, ब्यूटीपार्लरच्या कोर्सची चौकशी येईल.