मदत हवी आहे: सीएचओची (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) नोकरी सोडून ग्लोबल हेल्थ आणि जेंडरकडे वळायचंय, कर्ज काढू का?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बीएएमएस, वय 29, साडेतीन वर्षं झाली बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ आहे, अर्थात कंत्राटी. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेऊन खर्च झालेली, आणि एक दिवस जरी घरी बसलं तर खाडा, म्हणजे दंड. मग पाळी, बाळंतपण, अंगावरून जाणं हे सगळं बायांनी कुठे बसवायचं? 2019 ला ऊसतोडीच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हेंची समितीही झाली, तेव्हा मी कॉलेजात होते, पेपरात वाचून हळहळले आणि विसरले.

इथे आल्यावर एक ताई आली कंबर दुखते म्हणून. वय 32. बीपी घेता घेता विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? तर म्हणे, "मॅडम, पिशवी काढून सहा वर्षं झाली की. आता बरं हाय, खाडा पडत न्हाई." आणि हसली. माझ्या पुढ्यात रजिस्टर, त्यात एलएमपीचा, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना, तिथे काय लिहू तेच सुचेना. आडवी रेघ मारली. त्या दिवसापासून अशा आडव्या रेघा मोजायची सवयच लागलीये मला.

मग रात्री वाचत बसले. राणी बंग आणि अभय बंग यांचा 1989 चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर सापडला, गडचिरोलीतली दोन गावं, 650 बाया, त्यातल्या 92 टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. माझ्या जन्माआधी हे कुणीतरी मोजून ठेवलंय! पुढे 1994 ला कैरोच्या परिषदेत ठरलं की नुसती लोकसंख्या आवरत बसायचं नाही, बाईचं आरोग्य आणि हक्क बघायचे. आणि आमच्या आढावा बैठकीत पहिला प्रश्न अजूनही नसबंदी किती झाल्या.

तर मला हेच काम करायचंय, पण धोरणाच्या पातळीवर. इंग्लंडात ससेक्सच्या आयडीएसमधला (विकास अभ्यासाची संस्था) जेंडर अँड डेव्हलपमेंटचा एमए की लंडन स्कूल ऑफ हायजीनचं पब्लिक हेल्थ? हिशोब काढला तर राहण्याखाण्यासकट कर्ज 40 लाखांच्या घरात जातंय, तारण म्हणून वडलांची अडीच एकर. आईचं म्हणणं आधी लग्न कर आणि मग कुठं जायचं तिथं जा. बीएएमएसला तिकडे कुणी विचारतं का? उपकेंद्राचा अनुभव धरतात का? प्लीज खरं खरं सांगा.

टेम्सकाठी: आधी कडू बोलतो, राग मानू नकोस. यूएसएड, म्हणजे अमेरिकी सरकारची परदेशी मदतसंस्था, 1 जुलै 2025 ला अधिकृतपणे बंद झालं, ब्रिटनही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 2027 पर्यंत 0.3 वर आणतंय. चांगली दहा-बारा वर्षं काम केलेल्यांना नारळ मिळालाय आणि तेच लोक आता ज्युनियर जागांना अर्ज टाकतायत. अशा वेळी जमीन तारण ठेवून नुसती जेंडरची डिग्री? अजिबात नको. स्कॉलरशिप मिळाली तरच ये. चीव्हनिंगला (ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप) पदवीनंतरचं 2800 तासांचं काम लागतं, तुझं ते कधीच झालंय, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे, तुला ती जाचणार नाही असं दिसतंय. बीएएमएसचं टेन्शन घेऊ नकोस, पब्लिक हेल्थला डॉक्टरच लागतो असं नाही. फक्त निबंधात 'मला समाजसेवेची आवड' वगैरे लिहू नकोस, ती आडवी रेघ लिही.

खोडवा: लंडन कशाला गं लगेच? आधी मुंबईत देवनारला जाऊन बघ. टिसमधे (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची मास्टर्स आहे आणि जवळच आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था, एनएफएचएसचं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) सगळं काम तिथूनच चालतं. आणि तुझ्या त्या रेघेसाठी सांगते, एनएफएचएसच्या चौथ्या फेरीपासून (2015-16) गर्भपिशवी काढलीये का, कोणत्या वयात, कशासाठी हे विचारतात. म्हणजे तो रकाना आहे कुठेतरी! डेटा फुकट मागता येतो. स्टाटा नाहीतर आर (आकडेवारीची सॉफ्टवेअर) शीक आणि आपल्या जिल्ह्याचे आकडे स्वतः काढून बघ, कुठल्याही मुलाखतीत ते सर्टिफिकेटांपेक्षा जड पडेल. एकच कर, रजिस्टरचे फोटो काढून घरी नेऊ नकोस, त्यातलं काही वापरायचं तर परवानगी आणि एथिक्स कमिटी लागते, हौसेपायी नोकरी जायची. लग्नाचं तुझं तू बघ, मी 34 ला केलं.

मूळ धागाकर्ती: दोघांचे खूप आभार. चौथ्या फेरीचं खरंच माहीत नव्हतं, डेटासाठी कालच नोंदणी केली. जमिनीचा विषय घरात बंद केलाय, बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता एक अडलंय, चीव्हनिंगला दोघांची शिफारस लागते. एक कॉलेजातले सर देतील, दुसरी कुणाची घेऊ? साहेबांकडे मागितली की मी नोकरी सोडतेय हे जिल्हाभर होणार. आमच्या आशाताईने मला सगळ्यात जवळून काम करताना बघितलंय, पण तिच्याकडे ईमेलच नाही. काढून दिला तर चालेल का?