विषय: स्मरणिकेच्या 'नवे पाहुणे' पानावर 'लैला', 'लेला' की 'लायला'?

प्रेषक: संपादिका, दिवाळी स्मरणिका

सप्रेम नमस्कार मंडळी,

'नवे पाहुणे' हे पान सोडून बाकी सर्व मजकूर छपाईसाठी तयार आहे. अर्जावर बाळाचे नाव रोमन लिपीत आले असून त्याचे देवनागरी रूप समितीतील तिघांनी तीन प्रकारे लिहिले आहे: लैला, लेला आणि लायला. गेल्या वर्षी जुळ्यांच्या नावांच्या बाबतीत जे झाले, ते पुन्हा होऊ नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निश्चित रूप कळवावे. बाळाच्या आईला मी निरोप ठेवला आहे, परंतु ती बारशाच्या गडबडीत आहे.

---

प्रेषक: मराठी शाळा (शनिवार वर्ग)

नमस्कार ताई,

स्मरणिकेचे शुद्धलेखन शाळेने तपासावे असे दोन वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत ठरले होते, त्यामुळे हा प्रश्न आधी आमच्याकडे यायला हवा होता. असो.

नाव 'लैला' असेच छापावे. अरबीत त्याच्या पहिल्या अक्षरात 'अ' आणि 'य' यांचा जोडस्वर आहे, आणि मराठीतला आपला 'ऐ' हा 'अइ' असाच उच्चारला जातो. 'बैल', 'मैना', 'पैसा' हे शब्द आपण कसे म्हणतो ते पाहावे. हिंदी भाषकांचा 'ऐ' पसरट असतो, म्हणून त्यांच्या तोंडून हेच नाव निराळे ऐकू येते. लिहिण्यात मात्र काहीच फरक नाही. 'लायला' हे अमेरिकी उच्चार ऐकून केलेले रूप आहे.

---

प्रेषक: एक सभासद (ढोल-ताशा पथक)

बाईंच्या शुद्धलेखनाबद्दल मला शंका नाही. माझी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजात 'लैला-मजनू' म्हणून कोणालाही चिडवतात, आणि स्मरणिका तर भारतातल्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचते. बाळाचे पाळण्यातले दुसरे, मराठी नाव असेलच. तेवढेच छापले तर कोणाला वावगे वाटणार नाही, असे मला मनापासून वाटते.

---

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा

चिरंजीव,

तुमचा हेतू चांगला आहे हे मी जाणतो, तरीही या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. आई-वडिलांनी ठेवलेले नाव गाळून दुसरे छापण्याचा अधिकार मंडळाला नाही. शिवाय ज्या नावाची आपल्याकडे थट्टा होते, ते अरबी भाषेतील अत्यंत मानाचे नाव आहे.

नोकरीची बरीच वर्षे मी कुवेतमध्ये काढली. आमच्या हिशेब खात्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या थोरल्या मुलीचे नाव लैला होते. पहिला मुलगा होईपर्यंत सगळे जण त्याला 'अबू लैला', म्हणजे लैलाचे वडील, अशीच हाक मारीत आणि त्याला तिचा अभिमान वाटे. खात्यात चौघांची चार मते झाली की तो एक म्हण ऐकवीत असे: 'जो तो आपापल्या लैलेचे गाणे गातो.' अरबी कवितेत प्रेयसीचे नाव सांगायचे नसेल, तर कवी तिला लैला म्हणतो, इतके ते नाव रुळलेले आहे.

त्याचे मूळ 'लैल', म्हणजे रात्र. अतिशय काळोख्या, सरता न सरणाऱ्या रात्रीला अरबीत 'लैला लैला' असे म्हणतात, त्यातला दुसरा शब्द पहिल्याचे विशेषण असतो. जुन्या कोशांत मद्याच्या पहिल्या धुंदीलाही हा शब्द दिलेला आहे. रात्रीचे नाव मुलीला ठेवण्यात आपल्याला अवघड वाटण्याचे काहीच कारण नाही. निशा, रजनी, यामिनी, शर्वरी या आपल्याच घरांतल्या मुली आहेत आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रात्रीचे स्वतंत्र सूक्त आहे.

आता मजनूविषयी. मजनू हे नाव नसून 'जिन्नाने झपाटलेला' या अर्थाचे विशेषण आहे. सातव्या शतकातल्या बनू आमिर टोळीतला कवी कैस इब्न अल्-मुलव्वह याला ते लोकांनी चिकटवले, कारण लैलाचा विवाह दुसरीकडे झाल्यावर तो रानोमाळ भटकत तिच्यावर कविता म्हणत राहिला, अशी परंपरा आहे. सौदी अरेबियात रियाधच्या दक्षिणेला अल्-अफलाज नावाचा प्रदेश आहे. तेथील मुख्य गावाचे नावच लैला असून, कैसच्या कवितेत येणारा तौबाद डोंगरही लोक त्याच भागात दाखवतात. पुढे ११८८ साली गंजा (आजच्या अझरबैजानमधील शहर) येथील कवी निजामी याने ही कथा फारसीत दीर्घकाव्यात गुंफली, त्यानंतर अमीर खुस्रोने हिंदुस्थानात तीच पुन्हा लिहिली आणि त्या वाटेने ती आपल्या नाटक-सिनेमांपर्यंत आली. राजस्थानात अनूपगढजवळच्या बिंजौर येथे या दोघांची म्हणून सांगितली जाणारी मजार आहे. तेथे जून महिन्यात जत्रा भरते आणि हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात.

कैसच्याच, म्हणजे सातव्या शतकात लैला अल्-अखयलिया ही मोठी कवयित्रीही होऊन गेली. रणात पडलेल्या तौबा या आपल्या प्रियकरासाठी तिने रचलेली शोककाव्ये आजही वाचली जातात. एकीवर कविता झाल्या आणि दुसरीने स्वतः केल्या. चिडवणाऱ्यांना ही दुसरी लैला सांगावी, असे मी सुचवतो.

---

प्रेषक: ग्रंथालय विभाग

काकांचे पत्र जपून ठेवण्याजोगे आहे. नावाच्या लोकप्रियतेबद्दल थोडी भर घालतो, म्हणजे या देशात ते कोणाला परके वाटेल ही भीती राहणार नाही.

अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा खाते दर वर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी जाहीर करते, आणि त्यात प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र मोजले जाते. 'ई-आय' लावून लिहिले जाणारे रूप (Leila) १८८०च्या दशकातही येथे चांगलेच रुळलेले होते, कारण इंग्रज कवी बायरनने १८१३ साली आपल्या काव्याच्या नायिकेला ते नाव दिल्यापासून इंग्रजी वाचकांना ते ठाऊक होते. 'ए-वाय' असलेले रूप (Layla) मात्र पहिल्या हजारांत १९७२ साली आले. ब्रिटिश गायक एरिक क्लॅप्टनचे त्या नावाचे गाणे १९७० सालचे, आणि त्याला ते नाव निजामीच्याच कथेतून सुचले होते. २०१०च्या दशकात हे रूप पहिल्या पन्नासांत होते. वेगवेगळी स्पेलिंगे एकत्र धरली, तर त्याचा क्रमांक आणखी वर जाईल. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीची मुलगी, स्वतः मुष्टियुद्धातली विजेती, हिचेही नाव लैलाच आहे.

---

प्रेषक: मराठी शाळा (शनिवार वर्ग)

काकांनी 'लैला लैला' लिहिले ते अर्थाच्या दृष्टीने ठीक आहे, पण दुसऱ्या शब्दाच्या अखेरीस अरबीत एक हलका कंठ्य झटका असतो आणि पहिल्याचा शेवट निराळ्या अक्षराने होतो. मुलीच्या नावात शेवटी जे अक्षर येते ते 'य'सारखे दिसते, पण त्याचा उच्चार 'आ' होतो. इराणमध्ये तेच अक्षर 'ई' असे वाचले गेल्यामुळे फारसीत ती 'लेली' झाली. तुर्कस्तानात आणि बोस्नियात मात्र ती 'लेयला' आहे.

---

प्रेषक: बाळाची आई

काका, बाई आणि सर्व मंडळींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. यजमान मूळचे कैरोचे असल्याने घरात हे नाव दोन प्रकारे ऐकू येते. सासूबाई 'लेला' म्हणतात, कारण कैरोच्या रोजच्या बोलीत तो जोडस्वर 'ए' होतो. तिकडचे गवई गाण्याआधी 'या लेल, या एन' अशी जी आळवणी करतात, तिच्यातही रात्रीला 'लेल'च म्हणतात. मात्र लिहिताना आणि वाचताना ते प्रमाण रूपच धरतात. हे नाव एका धर्माचे नाही, ही गोष्ट आम्हा दोघांच्या दृष्टीने महत्त्वाची होती. इजिप्तची अतिशय लाडकी गायिका-अभिनेत्री लैला मुराद ज्यू घरात जन्मली होती, आणि तेथील ख्रिस्ती घरांतही लैला आढळतात.

काल बारशाला आत्याने कानात तीनदा 'लैला'च सांगितले. दुसरे नाव आम्ही ठेवलेले नाही, म्हणून तेच छापावे.

---

प्रेषक: एक सभासद (ढोल-ताशा पथक)

वहिनी, माझी सूचना मी मागे घेतो. बाईंना एक विचारायचे होते. आमच्या शेजारी नॉर्वेच्या एक आजी राहतात, त्यांचेही नाव लैला आहे. ते अरबीच का?

---

प्रेषक: मराठी शाळा (शनिवार वर्ग)

नाही. नॉर्वे आणि फिनलंडमधली लैला उत्तरेकडच्या सामी लोकांकडून आलेली आहे. उच्चार जुळतो, मूळ वेगळे आहे.

---

प्रेषक: संपादिका, दिवाळी स्मरणिका

पान छापखान्याकडे गेले आहे. नाव 'लैला', आईच्या पत्राप्रमाणे. काकांच्या पत्रातला कवयित्रीविषयीचा भाग त्याच पानावर चौकटीत घेत आहे. काका, आपली संमती आज रात्रीपर्यंत कळवावी, आणि बाईंनी चौकटीचे मुद्रितशोधन करून द्यावे.