पानाच्या आकाराची इवलीशी निळी बशी: यात लोणचं वाढत?

किल्लीवाली:
इथे इंग्लंडात रविवारच्या जुन्या बाजारात एक बशी घेतली. द्राक्षाच्या पानाचा आकार, जेमतेम 9 सेंमी, देठ हीच मूठ, पांढऱ्यावर निळी फुलं. मागे निळी पोकळ चंद्रकोर. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, अठराव्या शतकातली ‘पिकल डिश’ आहे. आणि दिली मात्र अगदी स्वस्तात! एवढ्याशा बशीत लोणचं ते किती मावणार? सध्या नवरा तीत किल्ल्या टाकतो.

जुनी_भांडी:
आधी त्या किल्ल्या काढा!!
चंद्रकोर ही वुस्टरची, म्हणजे तिथल्या चिनी मातीच्या (पोर्सिलेनच्या) कारखान्याची खूण, साधारण 1755 ते 1790. कारखाना 1751चा, डॉ. जॉन वॉल आणि मंडळींचा. पण नुसत्या खुणेवर जाऊ नका, नक्कल करणारे आधी खूणच उचलतात. खोलीत अंधार करून बशीमागे टॉर्च धरा. वुस्टरच्या मातीत शंखजिऱ्याचा दगड असे; अशा बशीतून उजेड बहुधा हिरवट दिसतो. त्याच मातीमुळे त्यांच्या चहादाण्या उकळत्या पाण्याने सहसा तडकत नसत. देठही नीट बघा, पहिला मार तिथेच बसतो.

आंबटशौकीन:
लोणचं म्हणजे आपलं तेलातलं नव्हे हो. व्हिनेगरमधले कोवळे अक्रोड, काकड्या. तोंडी लावायला दोन-चार फोडी, त्याला एवढी बशी पुष्कळ झाली. चांदीला व्हिनेगर मानवत नाही, पोर्सिलेनला काही होत नाही.
गंमत म्हणजे खरं आंब्याचं लोणचं हिंदुस्थानातून जहाजाने जायचं. ते सगळ्यांना कुठलं मिळायला? मग काकडी पोखरून तीत लसूण-मोहरी भरायची, व्हिनेगरमध्ये मुरवायची आणि तिलाच ‘मँगो’ म्हणायचं! 😄
गोडाचा थाट वेगळा. बो आणि प्लिमथच्या कारखान्यांनी शिंपल्यांच्या वाट्यांचे मजले रचून स्टँड केले, मध्ये पोवळी, शंख. त्यात पाकातली फळं. मला ते जरा अतीच वाटतं, पान बरं.

किल्लीवाली:
टॉर्च लावला. हिरवट आहे!! पण देठापाशी एक काळपट पट्टा दिसतोय, तिथून उजेडच येत नाही.

जुनी_भांडी:
मग देठ मोडून परत चिकटवलाय, वरून रंगही दिलाय. बशी खरी दिसते. गरम पाण्यात घालू नका, सांधा सुटेल. आणि उचलताना देठाला धरू नका.

किल्लीवाली:
तरीच स्वस्त! आजींनीही बशी पुढे केली ती देठ मुठीत धरूनच.