मुंबई–कोलकाता विमान: अंतर एकच, मग येताना जास्त वेळ का?

पाऊलवाट: जानेवारीच्या तिकिटावर जाताना २ तास ३५ मिनिटं आणि परतीला ३ तास दाखवतंय. दोन्ही थेट विमानं. परतल्यावर मुंबईहूनच पुढे परदेशी विमान पकडायचंय, तिकीट वेगळं आहे. मध्ये किती वेळ ठेवू?

रेखावृत्त: फरक वाऱ्याचा. हवाई अंतर साधारण १,६६५ किमी आणि मार्ग जवळपास सरळ पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात ३५,००० फुटांवर पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. आकडे मांडून बघा: विमानाचा हवेच्या तुलनेत वेग ४५० नॉट, म्हणजे ताशी ८३३ किमी. वारा ८० नॉट, म्हणजे १४८ किमी. जाताना जमिनीच्या तुलनेत वेग ९८१, येताना ६८५. चढण-उतरण सोडून वरच्या उंचीवर १,२०० किमी धरले, तर जाताना ७३ मिनिटं, येताना १०५. तुमचा फरक इथेच सापडला. जुलै-ऑगस्टमध्ये हाच वारा मावळतो, कधी दिशाही बदलतो, मग जाणं-येणं जवळपास सारखं होतं.

मुंबई–दिल्लीला (१,१४० किमी) हा फरक एवढा जाणवत नाही. तो मार्ग बराचसा उत्तरेकडे जातो, वारा बाजूने लागतो.

टी-दोन: तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे. गेटवरून विमान मागे ढकलल्यापासून पुढच्या गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उतरणारी विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. तो जादा वेळ कंपन्या आधीच वेळापत्रकात धरतात, म्हणून कधी विमान 'लवकर' पोचतं.

खरा अंदाज हवा असेल तर फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच क्रमांकाच्या विमानाचा गेल्या आठवड्याचा इतिहास उघडा. ठरलेली वेळ सोडा, प्रत्यक्ष उतरल्याची वेळ बघा. आठवड्यातलं सगळ्यात उशिराचं उतरणं धरून हिशोब करा, सरासरी धरू नका. एकच वाईट दिवस पुढचं विमान चुकवायला पुरतो.

रेखावृत्त: आणि आधी टर्मिनल तपासा. देशांतर्गत विमानं टी-१ आणि टी-२ दोन्हीकडे उतरतात, परदेशी विमानं टी-२ वरूनच सुटतात. टी-१ ला उतरलात तर बाहेर पडून रस्त्याने टी-२ गाठावं लागेल. वेगळ्या तिकिटावर सामान पट्ट्यावरून घ्यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, मग इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी. परदेशी विमानांचे चेक-इन काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतात. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. उतरण्याची आणि सुटण्याची वेळ यांत ५ तास ठेवा. दोन्ही टी-२ ला असतील तर ४.

पाऊलवाट: परतीचं विमान टी-१ चं निघालं. सकाळचं घेते, सहा तास मिळतील.