मदत हवी आहे: धुऱ्यावरचं पिवळ्या फुलाचं झाड ओळखून द्या, लवकर सांगा

धुरकरी
धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पिवळ्या फुलांची झाडं आली आहेत, कमरेएवढी. काल संध्याकाळी त्यांचे शेंडे खाल्लेले दिसले. मोबाईलच्या लेन्सवर टाकलं तर एकदा तरोटा दाखवतं, एकदा खुळखुळा, एकदा तिसरंच काही. विषारी आहे का, एवढंच सांगा. पोळा चार दिवसांवर आला, डोकं काम करत नाही. फोटो चढत नाही, इथं रेंजच्या दोनच काड्या असतात.

पांढरंसोनं
कोणी खाल्लं? शेळीनं, बैलानं, की घरातल्या लेकरानं? गाव कोणत्या बाजूचं? फूल कसं आहे? या दिवसांत अर्धं रान पिवळंच असतं, भाऊ. नुसत्या रंगावरून कोण सांगणार?

रानभाजी_ताई
तरोटाच असेल. मृगाचा पाऊस पडला की आम्ही त्याची कोवळी पानं खुडतो. लसूण, हिरवी मिरची आणि भिजवलेली चण्याची डाळ घालून परतायची, भाकरीसोबत फार छान लागते. पण आता फुलावर आला म्हणजे निबर झाला. आता भाजी करू नका, कडू लागेल.

धुरकरी
ताई, भाजी नाही करायची. बैलानं खाल्लं. दोन दिवस झाले, चारा सोडला आहे, रवंथ करत नाही, शेण पातळ. दारव्ह्याकडचं गाव. अजून काय सांगू?

वऱ्हाडी_भाऊ
आधी ढोरांच्या डॉक्टरले बोलाव ना बावा! इथं काय लिहीत बसला? १९६२ नंबर लाव, फुकट हाय, गाडी गावात येते. झाडाचं नाव मंग पाहू.

मोहाफूल
डॉक्टरला फोन कराच, आणि ते येईपर्यंत एक काम करा. झाड कोणतं हे डॉक्टरही विचारतील.

एक ताजं फूल तोडून तळहातावर घ्या. तरोट्याचं फूल मोकळं असतं: पाच पाकळ्या पसरलेल्या, जवळपास सारख्या, समोरून पाहिलं की मधले केसर उघडे दिसतात. खुळखुळ्याचं फूल तुरीच्या फुलासारखं असतं. मागं एक मोठी उभी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंना दोन पंख. आणि पुढं दोन पाकळ्या जुळून झालेली होडी, ती नौका. केसर त्या होडीच्या आत लपलेले असतात, पाकळ्या बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. होळीला पळसाचं फूल हातात घेतलं असेल, त्याचीही घडण हीच, फक्त आकार मोठा.

चारच पाकळ्या दिसल्या आणि झाड हाताला चिकट लागलं तर ती पिवळी तिळवण. लेन्सचं तिसरं नाव बहुतेक तेच असेल.

वऱ्हाडी_भाऊ
फुलावर काहून भरोसा ठेवता? दुपारी कोमेजलं की सगळे सारखेच दिसते. पान पाह्य. तरोट्याच्या एका दांडीवर पानाच्या तीन जोड्या असतात आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. खुळखुळ्याचं पान एकटं. चाळीस वर्षं झाले वखर हाणून राह्यलो, फूल उघडून पाहाची गरज नाही पडली.

मोहाफूल
काका, पानाचं तुमचं बरोबर आहे. पण खुळखुळ्याच्या काही जातींचं पान तीन पर्णिकांचं, म्हणजे तीन छोट्या पानांचं मिळून झालेलं असतं. तिथं पानावर गेलात तर चुकाल. फुलाचा साचा मात्र सगळ्या जातींत तोच राहतो, म्हणून मी फुलाकडं पाहायला सांगते.

जुनामास्तर
दोन्हींची तुलनाच चुकीची आहे. तरोटा आणि तूर ही वेगवेगळी कुळं. आम्ही शिकलो तेव्हा गुलमोहर, बहावा, तरोटा यांचं कूळ निराळं होतं, तूर-पळसाचं निराळं आणि बाभळीचं निराळं.

मोहाफूल
सर, ती तिन्ही आज एकाच शेंगवर्गीय कुळात धरतात. २०१७ मध्ये त्या कुळाचे सहा उपकुल केले गेले. त्यात बाभूळही तरोट्याच्याच उपकुलात आली, जरी तिचं फूल पिवळ्या गोंड्यासारखं दिसतं. शेंग सगळ्यांची एकाच घडणीची, फुलं मात्र वेगळी.

जुनामास्तर
नावं दर पिढीला बदलतात, हे काही मला पटत नाही. पण पाकळी-केसर मोजायला लावलंत ते योग्य केलंत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७३५ मध्ये झाडांचे चोवीस वर्ग पाडले ते मुख्यतः केसरांवरूनच. धुरकरी, केसर मोजा आणि सांगा.

पांढरंसोनं
भाऊ, तुम्ही लिहिलं की शेंडे काल संध्याकाळी दिसले. आणि बैलानं चारा सोडून दोन दिवस झाले. मग आधी काय झालं? झाड बैलानंच खाल्लं हे कोणी पाहिलं का? खुराकात काही बदल?

तणनाशकवाला
एवढी चर्चा कशाला, धुऱ्यावर एकदा फवारणी मारा, पंधरा दिवसांत साफ. डोस सांगू का?

पांढरंसोनं
आजारी बैल दारात असताना धुऱ्यावर विष कशाला मारायचं? विचारलं काय, सांगता काय?

रानभाजी_ताई
तरोट्याच्या वाळलेल्या बियाही विकल्या जातात, व्यापारी गावात येऊन घेतात. सरसकट उपटू नका म्हणते मी. थोडी पैदास राहू द्या.

धुरकरी
सकाळी सहाला वावरात गेलो. दव होतं. दोन प्रकारची झाडं शेजारीशेजारी निघाली, म्हणून लेन्स गोंधळत होती. मी दोन्हींना एकच समजत होतो.

एकाच्या पानांच्या तीन-तीन जोड्या, फुलं पानाच्या बगलेत. त्याचं फूल मोकळं, पाच पाकळ्या, एक थोडी मोठी वाटली. त्याखाली लांब बारीक वाकडी शेंग. म्हणजे तरोटा. याला कोणी तोंड लावलेलं नाही.

दुसऱ्याचं पान एकटं, टोकाला खाच, बुडाशी निमुळतं. फुलं दांडीच्या शेंड्यावर ओळीनं. ध्वजाच्या मागच्या बाजूला तांबूस रेषा. नखानं पंख बाजूला केले, होडी टोकाशी पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली होती. ती फाडली तर आत केसर दहा, सगळे खाली एकत्र जोडलेले, काहींची टोकं लांबट, काहींची गोल बारीक. खालच्या शेंगा फुगीर, हिरव्याच आहेत, अजून वाजत नाहीत. शेंडे याचेच खाल्लेले आहेत.

मोहाफूल
खुळखुळा. आता शंकाच नाही. तुम्ही मोजलेले केसर आणि ती जोडणी हीच खूण. केसरांची ती टोकं म्हणजे परागकोश, लांब आणि गोल आळीपाळीनं असतात, पाच आणि पाच. शेंग वाळली की आतल्या बिया सुटतात आणि वाजतात, त्यावरून आपल्याकडं खुळखुळा आणि ग्रीकमधल्या क्रोटालोन म्हणजे वाजवायच्या टिपऱ्या, त्यावरून शास्त्रीय नाव क्रोटालारिया. आपण खत म्हणून गाडतो तो ताग-बोरू याच गोत्रातला.

याच्या पाल्यात आणि बियांत यकृताला बाधक द्रव्यं असतात. म्हणून डॉक्टरला हे नाव नक्की सांगा.

वऱ्हाडी_भाऊ
वाळलं तरी जहर राह्यते काय?

मोहाफूल
हो काका, वाळल्यानं जात नाही. सोयाबीन काढताना असं झाड मळणीत गेलं तर कुटारात, म्हणजे जनावरांना घालायच्या भुशात, येतं. हिरव्या झाडाला जनावर नाक लावून मागं सरकतं, कुटारात मात्र निवडून खाता येत नाही. तिथंच खरं नुकसान होतं.

धुरकरी
डॉक्टर दुपारी आले. मी आधी खुळखुळ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, गेल्या चार-पाच दिवसांत खुराकात काय वाढवलं? मग लक्षात आलं. पोळ्याला अंगानं भरलेला दिसावा म्हणून ज्वारीचा भरडा रोजच्या दुप्पट घालत होतो. इथं लिहायचं सुचलंच नाही, सगळेच पोळ्याआधी घालतात. पांढरंसोनं भाऊ, तुम्ही विचारलं होतं, मी तेही टाळलं.

डॉक्टरांनी डावी कूस मुठीनं दाबली, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. म्हणाले, एकदम जास्त धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो, शेण पातळ होतं. औषध दिलं, भरडा बंद, फक्त कडबा आणि पाणी. खुळखुळ्याबद्दल म्हणाले, चार शेंडे खाल्ले म्हणून दोन दिवसांत हे व्हायचं नाही, त्याचा परिणाम दिसायला आठवडे जातात. पुढं डोळ्यांत पिवळेपणा किंवा वजनात घट दिसली तर कळवायचं. तेव्हा दोन्ही गोष्टी वेगळ्या निघाल्या, पण झाड धुऱ्यावर ठेवायचं नाही, असंही सांगितलं.

पांढरंसोनं
चांगलं झालं वेळेत कळलं. आमच्याकडं एक बैल असाच पोळ्याआधी गेला, तेव्हा कोणी खुराक विचारलाच नव्हता. म्हणून मी मागं लागलो होतो.

वऱ्हाडी_भाऊ
रवंथ सुरू झाला काय?

धुरकरी
आज पहाटे सुरू झाला, काका. सकाळी मूठभर कडबा खाल्ला. खांदशेकणी घरीच केली, लोणी-हळद लावली आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. तोरणाखाली नेणार नाही, उन्हात उभं करायचं नाही म्हणून. पुरण मात्र थोडं तरी देऊ, डॉक्टरांनी नको सांगितलं आहे तरी.

मोहाफूल
पुरण अजिबात देऊ नका, डाळ-गूळ पोटात गेला की परत तेच होईल. नैवेद्य दाखवा, तोंडाला लावून बाजूला घ्या. आणि खुळखुळा शेंगा वाळायच्या आत मुळासकट उपटा, धुऱ्यावर पडू देऊ नका, एकदा शेंग फुटली की बिया पसरतात.

धुरकरी
पुरण देत नाही. खुळखुळ्याची तेहतीस झाडं उपटली, खड्ड्यात पुरली. तरोटा ठेवला, ताईंसाठी. बाजूच्या वावरातल्या काकांच्या धुऱ्यावर अजून पंधरा-वीस उभी होती. त्यांच्या पुढ्यात एक फूल उघडून ध्वज, पंख आणि होडी दाखवली. ते लगेच उठले आणि सोबत उपटायला आले.