केबलच्या आधी क्लॉक बघा

डिजिटल जोडणीत मधूनच टक् आवाज येतो तो केबलमुळेच, असं काही जण म्हणतात. असेलही, पण आमच्याकडे इंदूरला गणेशोत्सवात मिक्सरवरून ऑप्टिकल (प्रकाशाने डिजिटल आवाज नेणाऱ्या) केबलने रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग घेताना केबल बदलली तरी विलंबित ख्यालात टक् चालूच! (द्रुतमध्ये कुणाला कळलंही नसतं.) दोन्ही यंत्रं ४४,१०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची तितकी मोजमापं (सॅम्पल) घेणारी, पण प्रत्येकाचा क्वार्ट्झ, म्हणजे ही गती ठरवणारा क्लॉकचा स्फटिक, वेगळा. दहा लाखांत २० चा फरक असला तरी सेकंदाला जवळपास एक सॅम्पल कमी-जास्त होतं. ते गळतं किंवा दुणावतं, तेव्हा टक्. रेकॉर्डरचा सिंक (कुठल्या क्लॉकवर चालायचं ती सेटिंग) ‘इंटरनल’वरून ‘ऑप्टिकल’वर नेला, तो मिक्सरच्या क्लॉकवर चालू लागला आणि आवाज थांबला.

यावर कुणी मिडी क्लॉक (इलेक्ट्रॉनिक वाद्यांची लय जुळवणारा इशारा) सुचवतं, पण त्याने हे सुटणार नाही. तो क्वार्टर नोटला (साधारण एका मात्रेला) २४ ठोके देऊन फक्त लय सांगतो.