शब्दचर्चा: चक्कर, भोवळ, घेरी आणि डबीवरचा ‘भ्रम’

प्रश्न: वनौषधींच्या गोळ्यांच्या एका डबीवर ‘चक्कर, भ्रम व कर्णनाद यांवर गुणकारी’ असं छापलंय. आई म्हणाली, “मला चक्कर येते हे खरं, पण भ्रम कुठे झालाय?” तिला नीट उत्तर देता आलं नाही. इथे भ्रम म्हणजे नेमकं काय? आणि चक्कर, भोवळ, घेरी हे तिन्ही एकच का?

उत्तर: आईंना सांगा, मनाच्या भ्रमाशी याचा संबंध नाही. आयुर्वेदात भ्रम म्हणजे गरगरणं. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात लक्षण दिलंय ते ‘चक्रवद् भ्रमतो गात्रम्’, म्हणजे अंग चाकासारखं फिरतंय असं वाटणं. धमासा या काटेरी वनस्पतीचा काढा तूप घालून देतात तो याच भ्रमावर. रोजच्या मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ पार बदलला आहे, त्यामुळे डबीवर तो नुसता छापणं चुकीचंच. ‘गरगरणे’ असं सरळ लिहिलं असतं तर आईंनी विचारलंच नसतं.

दुसरं उत्तर: तिन्ही शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी येतात. तरी छटा आहेत, आणि औषधाच्या बाबतीत त्या फार महत्त्वाच्या ठरतात. घेरी किंवा भोवळ म्हटलं की पुढे ‘येऊन पडला’ हे ओघानेच येतं, शुद्ध हरपण्याकडे त्यांचा कल आहे. डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा झटकन उठल्यावर रक्तदाब उतरल्यामुळे. तोल जाणं आणखी वेगळं, त्यात डोकं अगदी स्वच्छ असू शकतं. घर फिरतंय, पलंग फिरतोय, ते खरं गरगरणं. कानाच्या आतल्या भागाचा संशय घ्यायचा तो मुख्यतः यात. ‘चक्कर’ या एका शब्दाखाली आपण हे सगळं कोंबतो. डॉक्टरांसमोर “चक्कर येते” एवढंच बोलून थांबलो तर निम्मी माहिती घरीच राहिली. आणि ज्या डबीवर फक्त ‘चक्कर’ लिहिलंय, ती कशावर आहे हे कोणालाच कळत नाही.

प्रश्नकर्ती: आई कुशीवर वळली की खोली फिरते म्हणते. अर्ध्या मिनिटात थांबतं. डबीत गिंकोच्या पानांचा अर्क आणि सुंठ आहे.

दुसरं उत्तर: हे वर्णन फार उपयोगाचं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये शिरले की डोकं ठरावीक बाजूला वळवताच गरगरतं, आणि साधारण मिनिटाच्या आत थांबतं. तसंच असेल तर कण परत जागेवर नेणं हा उपाय. डॉक्टर डोकं आणि मान ठरावीक क्रमाने वळवून ते करतात, त्याला एप्ली पद्धत म्हणतात. सरकलेला कण कुठल्याही पाल्याने जागेवर जाणार नाही. आधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

सुंठीचं बोलायचं तर तिचा खरा हात मळमळीवर. १९८६ साली एक छोटा प्रयोग झाला होता. कानात पाणी सोडून मुद्दाम गरगरायला लावलं, तेव्हा सुंठ घेतलेल्यांना त्रास कमी जाणवला, पण डोळ्यांच्या बुबुळांची थरथर होती तशीच राहिली. म्हणजे जाणवणं कमी झालं, कानातली गडबड थांबल्याचं मात्र दिसलं नाही. गिंकोबद्दल जास्त सावध राहा. कर्णनादावर, म्हणजे कानात आवाज येण्यावर, त्याचा फायदा होतो असा भरवशाचा पुरावा वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२च्या आढाव्यातही मिळाला नाही. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, वॉरफरिन किंवा अॅस्पिरिन, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिंको देऊच नका, रक्तस्राव वाढू शकतो.

तिसरं उत्तर: मग ‘गुणकारी’ शब्दाचीही चर्चा व्हायला हवी. मराठीत औषधाचा ‘गुण येतो’, त्रासाला ‘उतार पडतो’, ‘आराम पडतो’ आणि माणूस ‘बरा होतो’. या तीन-चार वेगळ्या पायऱ्या आहेत. सुंठीने मळमळीला उतार पडतो, हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘कर्णविकार बरे होतात’ हे नाही. ‘गुणकारी’ या दोन्हींच्या मधे उभं राहतं, आणि वाचणारा त्यातून आपल्याला हवी ती पायरी उचलतो. जाहिरातीत तो शब्द इतका का चालतो, ते यावरून समजावं.

प्रश्नकर्ती: आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. डबी बाजूला ठेवली. डॉक्टरांकडे जाताना ‘चक्कर’ न म्हणता काय सांगायचं तेही तिला लिहून दिलंय: कुशीवर वळल्यावर, उजवीकडे जास्त, अर्धा मिनिट, खोली फिरते.

दुसरं उत्तर: छान केलंत. ऐकू कमी येतं का, कानात दडे बसतात का, आवाज येतो का, तेही त्यात घाला. प्रॉस्पर मेन्येर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली वर्णन केलेल्या आजारात गरगरण्याबरोबर हीच लक्षणं येतात, आणि त्याचा झटका तासन् तास टिकू शकतो. आणि एक: गरगरताना बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूच्या हातापायातली शक्ती गेली किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर शब्द शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.